दहा ते पाच, एकोणीसशे अकरा

सकाळी पावणेदहाला मी मोबाइल लॉकरमध्ये ठेवते,
घड्याळ काढते, कानातले काढते,
डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधते
आणि फाटक ढकलून
एकोणीसशे अकरात शिरते.

पगार तासावर.
जेवणाची सुट्टी अर्धा तास,
ती मात्र चालू सालात.

इथे माझं नाव येव्दोखा.
नवरा रेल्वेच्या रुळांवर मजुरीला गेलाय,
कधी येईल ठाऊक नाही.
अल्बर्टाच्या माळावर एकशे साठ एकर, दहा डॉलरला,
त्यातले चार नांगराखाली आलेत,
बाकी पॉप्लरची मुळं, दगड आणि डास.
हे मी दिवसातून चाळीसदा सांगते.

नियम एकच: पुढचं काही माहीत नसायचं.
युद्ध माहीत नाही. ट्रॅक्टर माहीत नाही.
कुणी फोटो काढला की दचकायचं,
फार नाही, मागे रांग खोळंबते.

भट्टी मात्र खरी आहे.
माती, गवत, घोड्याची लीद.
तापली का बघायला तळावर चिमूटभर पीठ टाकायचं:
पांढरंच राहिलं तर अजून लाकूड,
काळं पडलं तर थांब,
बदामी झालं की पाव आत.
माझ्या वडिलांची दोन हजार एकर गव्हाची शेती,
उपग्रहावर चालणारं कापणी यंत्र,
आणि हे मला व्हिडिओ दाखवून शिकवावं लागलं.

पाव सुरेख होतात. कुणाला देता येत नाहीत.
आरोग्य खात्याचं तसं पत्र आहे,
दारामागे, अकरा सालाला दिसणार नाही असं चिकटवलेलं.
संध्याकाळी कोंबड्या खातात.
कोंबड्यांना साल लागू नाही.

गुरुवारी एक म्हातारे आले,
टोपीवर बियाण्याच्या कंपनीचं नाव.
भिंतीवरच्या लांब दांड्याच्या विळ्याकडे पाहत राहिले.
मग दोरीच्या आत पाय टाकला,
तो उतरवला, अंगठ्याने धार पाहिली,
आणि फिरवून परत टांगला.
मी काही बोलायला हवं होतं. वस्तूंना हात लावू नये.
मी विचारलं, येव्दोखाच्या आवाजात,
तुमचं शेत कुठलं?
"विकलं," म्हणाले.
मग माझ्या रुमालाकडे बघून,
"म्हणजे, अजून घ्यायचंय."

त्यांच्या मागून शाळेची सहल आली.
पुढचे दात पडलेला एक पोरगा,
छातीवर चिठ्ठी: कीगन.
"तू मेलीस ना?" म्हणाला.
"चर्चच्या मागे तुझी कबर बघितली आम्ही.
एकोणीसशे अठरा लिहिलंय."

बाई ओशाळल्या. कुणीतरी खुदकन हसलं.

फाइलीत तीन ओळी आहेत.
येव्दोखा, वय एकोणचाळीस, तापाच्या साथीत.
मुलं पाच.
सहीच्या जागी फुली.

नियमाप्रमाणे मला हे माहीत नव्हतं.
कोपरापर्यंत पिठात हात होते,
कणीक थांबायला तयार नसते,
मी मळता मळता म्हणाले,
"अठरा? म्हणजे अजून सात सुग्या."

त्याने बोटं मोजली. परत मोजली.
"आठ," म्हणाला. "ह्या वर्षीची धरली तर."

त्या संध्याकाळी कोंबड्यांना एक पाव कमी पडला.

पाच वाजता रुमाल सोडला, मोबाइल घेतला.
पार्किंगमध्ये एकच ट्रक उरलेला,
काच खाली, इंजिन बंद, आत ती टोपी.
मी जवळ गेले. आता माझ्याच आवाजात विचारलं,
विळा का फिरवलात?

ते बराच वेळ त्या फाटकाकडे बघत होते.
"पातं भिंतीकडे हवं," म्हणाले.
"घरात लेकरं असतात."