ऐनवेळचे विषय

किटवे, वॉर्ड शाखेची बैठक. शनिवार, दुपारचे तीन.
हजर एकोणीस. गणपूर्ती झाली.
मागच्या इतिवृत्ताला मंजुरी, पोटनिवडणुकीची वर्गणी,
मेळाव्याला जायच्या बसचं भाडं,
बायकांच्या चितेंगे-कापडावर या वर्षी कुठला रंग,
यातच दीड तास गेला.
तांब्याच्या भट्टीचा गंधकी वास खिडकीतून आत आला,
कुणीतरी खोकलं, आणि अध्यक्ष म्हणाले,
"झालं ना सगळं?"

नाही झालं, बा कपेम्ब्वा.
ऐनवेळचे विषय राहिलेत.

मी चिटणीस. अकरा वर्षं या वहीत
माझंच अक्षर आहे.
पहिलं पान तुमच्या अटकेचं.
विनापरवाना सभा, म्हणे;
सभा कसली, तुमच्या सासूच्या मयताला
सात माणसं जमलेली.
सतरा दिवस आत होतात.
मी रोज न्शिमा घेऊन यायचे,
वाडगा याच कापडात बांधून,
आपल्या किल्लीचं चित्र वर येईल असा.
शिपाई सुरी खुपसून बघायचा, आत काही लपवलंय का.
तुम्ही ती भोकं पडलेली न्शिमा खायचात
आणि गजांमधून ओरडायचात,
"आपण आलो की पहिल्या दिवशी हा कायदा जाळू!"

आपण आलो.
पहिला दिवस उलटून चार वर्षं झाली.

परवा त्याच चौकीवर गेले होते.
बाक तोच. भिंतीला रंग नवा, आपला.
आत चिसाला, छापखान्यात शाई लावणारा पोरगा.
मंत्र्यांच्या पोटाचं चित्र काढलं त्यानं,
बाजारात चिकटवलं, वांग्यांच्या ढिगापाशी.
त्या पक्षाचा आहे, हो. त्या पक्षाचाच.
मला पाहून थुंकला.
हे कापड होतं ना अंगावर.
त्याची आई बाहेर उन्हात,
डब्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून.
शिपाई नवा. सुरी जुनीच की नवी, सांगता येणार नाही.
कलम मात्र तेच. मला पाठ आहे.

हसू नका, जोसाफाट. तुम्ही काय म्हणणार, ठाऊक आहे:
आपलेच दात, आपलेच ओठ.
निवडणूक तोंडावर, आणि शत्रूच्या हाती कोलीत.
"ते होते तेव्हा त्यांनी काय केलं?"
हेच केलं.
म्हणून तर मी या पक्षात आले.

आणि राजीनाम्याची वाट पाहू नका.
हा पक्ष मी कुणाकडून उसना आणलेला नाही.
या खोलीचे पत्रे माझ्या टोमॅटोच्या पैशाचे.
याच कापडात पोर पाठीशी बांधून दारोदार फिरले,
त्यानं पुढाऱ्याच्या छापील तोंडावर कितीदा मुतून ठेवलं,
मी धुतलं, पुन्हा नेसले.
धुवायची सवय आहे मला.

चिन्ह म्हणून किल्ली निवडली त्या रात्री
मीच म्हणाले होते, छान आहे, कुणालाही कळेल.
किल्ली दोन्हीकडे फिरते,
हे तेव्हा कुणी बोललं नाही.
मीही नाही. तेही लिहून ठेवते.

तर ठराव:
चिसालाला सोडावं, नाहीतर कोर्टात उभं करावं.
कलम रद्द करायच्या वचनाचं काय झालं,
ते मंत्र्यांनी या शाखेला लेखी कळवावं.
सूचक, म्वाबा कासुबा.
अनुमोदक?

अनुमोदक?

पंखा फिरतोय. कुणीतरी चपलेनं जमीन उकरतंय.
बा कपेम्ब्वा खिडकीबाहेर बघताहेत,
त्या खिडकीतून चौकी दिसत नाही.
मागच्या बाकावर बाना चोला, कानानं अधू,
शेजारणीला कोपरानं ढोसते: काय म्हणाली ती?
शेजारीण तिच्या कानाशी लागते. बराच वेळ.
मग म्हातारी, आपण किती मोठ्यानं बोलतो
हे तिला कधीच कळत नाही,
"न्शिमेत सुरी अजून खुपसतात?"

मी लिहून घेते:
प्रश्न विचारण्यात आला.