प, फ, ब, भ, म

पहिल्या मुंग्या आल्या त्या कानामागे,
सकाळच्या सव्वासहाच्या खानापूर गाडीत.
वाटलं, खिडकीचं वारं.
देसूरपर्यंत डावा गाल परक्याचा झाला
आणि शिट्टी वाजवायला गेले
तर हवा ओठाच्या कोपऱ्यातून निसटली,
फुस्स.
ईरण्णानं आरशात पाहिलं.
गाडी थांबवली नाही, धड चालवलीही नाही.

सातवा महिना.
घरी चूळ भरली, पाणी हनुवटीवरून पोटावर.
आरशातली उजवी बाई मला ओळखत होती,
डावी नुसती बघत होती
पापणी न लववता.

सासूबाई म्हणाल्या, गिराणात इळीला हात लावलास काय गं?
शेजारच्या गंगव्वानं जायफळ उगाळून आणलं.
कुणीतरी हळूच "लकवा" म्हणालं
आणि तो शब्द चपला न काढता
घरभर फिरला.

चेहऱ्याचं नंतर.
नाळेतून अर्धंच काही जात असेल का,
अर्धी भाकरी, अर्धं रक्त, अर्धी झोप,
असले हिशेब.
चिल्लर मोजणाऱ्या बाईचे हिशेब,
रात्री तीनला,
न मिटणाऱ्या एका डोळ्यानं.

सिव्हिलातली डॉक्टर माझ्याहून लहान.
बी.पी. दोनदा मोजलं, लघवी तपासायला पाठवली,
हात वर करायला लावले. दोन्ही सारखे गेले.
मग म्हणाली, "स्वल्प नग्री, अक्का."
जन्म इथलाच, मला कळतं,
नग्री म्हणजे हसा.
तरी कान आधी नगरीच ऐकतो.
मी हसले
आणि अर्ध्याच नगरीत दिवे लागले.

"आता कपाळाला आठ्या पाडा."
डावीकडे एकही पडली नाही.
ती मात्र तिथंच निवांत झाली.
मेंदूत बिघाड असता तर कपाळ हललं असतं, म्हणाली.
ही कानामागची नस सुजलीय,
दिवस गेलेल्या बायकांना जरा जास्तच होतं हे.
बाळापर्यंत ही वाट जात नाही.
बहुतेकींचं परत येतं. आठवडे लागतात, कधी महिने.
"बहुतेक" एवढं तिकीट मी फाडून घेतलं
आणि घडी घालून जपलं.

रात्री नवरा डोळ्यात मलम घालतो,
पापणी बोटानं खाली ओढतो,
वरून पट्टी चिकटवतो.
उद्यमबागेच्या फाउंड्रीतलं बोट,
तीनदा धुतलं तरी लोखंडाचा वास.
इतक्या हलक्या हातानं त्यानं
मंगळसूत्रही बांधलं नव्हतं.

पुन्हा ड्यूटीवर गेले तेव्हा ध्यानात आलं,
या रस्त्याची गावं सगळी ओठांवर बांधलेली.
पिरनवाडी. मच्छे. प्रभूनगर.
बेळगाव म्हणा की बेळगावी,
ब माझा दोन्हीकडे सांडतोच.
"बेग बर्री" म्हणायलाही ओठच लागतात.
देसूर तेवढं नीट येतं.
म्हणून देसूर मी मोठ्यानं ओरडते,
उतरणारं कुणी नसलं तरी.

शिट्टीऐवजी आता नाण्यानं दांडी वाजवते.
एकदा थांब, दोनदा चल.
मच्छेची एक बाई शून्याचं तिकीट घेताना
माझ्या तोंडाकडे मुद्दाम बघत नाही
आणि ते मला कळतं.
दुसरी सरळ विचारते,
चहाची चव लागते काय गं?
माझ्या लेकीला लागत नव्हती दोन महिने.
आता भजनात पुढं बसून गातीय.

काल खानापुरात, रिकाम्या गाडीत,
एकेक शब्द म्हणून पाहिला.
बाळ. फुटतं.
पोट. तेही.
बाबा तर दोनदा सांडतो.
आई म्हणून पाहिलं.
ओठ लागलेच नाहीत.
परत म्हटलं, जरा मोठ्यानं.

तेवढ्यात ईरण्णा चहा घेऊन आला.
दोन कप.
माझ्या कपात शहाळ्याची नळी.