उपासनेनंतरच्या सूचना

कुणी उठू नये. आशीर्वादाआधी दोन मिनिटं सूचना आहेत.

माझा आवाज एस.टी.तला.
सव्वीस वर्षं स्थानकाच्या नियंत्रण कक्षात बसून
गारगोटी, गगनबावडा, राधानगरी म्हणत आलो.
अजून गीताचा क्रमांक सांगितला
की मागच्या बाकावरचं एखादं पोरगं
हळूच म्हणतं, "फलाट नंबर सात."
ऐकू येतं मला. पुढचं वाचतो.

मागच्या रविवारचं अर्पण चार हजार एकशे दहा.
त्यात पन्नासची एक नोट अर्धीच आहे.
उरलेली अर्धी ज्यांच्याकडे असेल
त्यांनी खजिनदारांना द्यावी,
नाव विचारलं जाणार नाही.

महिला संघ बुधवारी, एस्तेरबाई समुद्रे यांच्या घरी,
पाचगाव रोड, गिरणीच्या मागे.
येताना गीतांची पुस्तकं आणावीत
आणि मागच्या सभेला नेलेले डबेही.

लग्नाची दुसरी हाक:
चिरंजीव सुहृद लोखंडे, कुमारी सुवार्ता सातपुते.
हरकत असेल त्यांनी पाळकसाहेबांना कळवावं.
हे वाचलं की मुलीची आजी
मान वळवून सगळी बाकं बघून घेते,
उठून दाखवा की कुणीतरी, अशा नजरेनं.

चौथी सूचना, पेटीची.
भाता उंदरांनी खाल्लाय.
गंगावेशीतला कारागीर बाराशे म्हणतो.
तोवर शमुवेल मास्तर जिथून सूर धरतील
तिथून धरावा. त्यांच्या पुढे जाऊ नये.

आता अंड्याचं.

उपकारस्तुतीच्या सणाला वेदीपुढे
ऊस होता, दोन ढेपा गूळ होता,
पाय बांधलेला कोंबडा होता, तो प्रवचनभर बोलत होता,
आणि मार्थाबाई चोपडेंचं एक अंडं,
वाटीत, तांदळावर ठेवलेलं.
लिलावात गूळ गेला, भोपळा गेला,
अंड्याला अमोलिक हिवाळे वीस म्हणाले.
शांतवन आवळे म्हणाले पन्नास.
दोघे साडू. नऊ वर्षं बोलत नाहीत,
नाताळच्या नाटकात हेरोद कुणी व्हायचं यावरून.
दोनशे. पाचशे. पोरं बाकांवर चढली.
हजाराला पाळकसाहेबांनी चष्मा काढला.
तेवढ्यात मार्थाबाई उभ्या राहिल्या:
"पुरे की आता! अंडं हाय त्ये, आणि परवाचं हाय!"
कुणी ऐकेना.
शेवटी दोघांच्या तोंडून एकदमच निघालं,
"बाराशे!"
मग दोघेही गप्प. वाटी तिथेच राहिली.

खजिनदार विचारतात, पैसे कुणाकडे मागायचे?
कारभारी मंडळाच्या दोन सभा झाल्या.
मधल्या काळात अंडं कुणी नेलं,
याची नोंद नाही.

आजाऱ्यांसाठी प्रार्थना:
सातपुतेंच्या आत्याबाई, गुडघा.
लहानगी करुणा, गोवर.
अमोलिक हिवाळे, सीपीआर, पुरुष विभाग,
भेटायची वेळ चार ते सहा.

यानंतरचं कागदावर नाही.
काल सव्वापाचला मी तिथे गेलो होतो.
बाहेरच्या बाकड्यावर शांतवन आवळे बसलेले,
इस्त्रीचा सदरा, मांडीवर स्टीलचा डबा.
आत जाऊन आलात का, विचारलं.
म्हणाले, "गर्दी हाय. जाईन."
आत हिवाळे एकटेच होते,
भिंतीकडे तोंड करून.
बाहेर आलो तर बाकडं रिकामं,
आणि नर्सबाई कुणाला तरी सांगत होत्या,
एका वेळी एकच माणूस, काका,
आणि बाहेरचं खायला द्यायचं नाही.
डब्यात काय होतं, मी विचारलं नाही.
तुम्हीही विचारू नये, अशी विनंती.

सूचना संपल्या.
शेवटचं गीत क्रमांक दोनशे अकरा,
पेटीशिवाय.
मास्तर, धरा.