बटण

पस्तीस वर्षं मी नागरिकशास्त्र शिकवलं,
दुर्भाटच्या शाळेत, जेवणानंतरच्या तासाला,
जेव्हा अर्धा वर्ग पेंगतो
आणि उरलेला खिडकीतून नदी बघतो.
फळ्यावर लिहायचो: राज्य कसे निर्माण झाले?
एक, देवाने दिले. दोन, बळाने घेतले.
तीन, लोकांनी बसून करार केला.
तिसऱ्याखाली दोन रेघा ओढायचो.
परीक्षेत तेच यायचं.

मानशीवरचा म्हाबळू शाळेत गेलेला नाही.
म्हणायचा, "मास्तर, बसले म्हणता,
तर कोण कोण बसले? चटई कोणी घातली?
खाजनांत पयलीं चिखोल आयलो. मागीर मनीस."

खरं आहे. ही जमीन नदीची होती.
कुणीतरी पाटला पाटला चिखल रचून
खारं पाणी बाहेर ठेवलं,
आत कोरगुट हिरवं झालं.
रचणारे गावडे होते.
कोमुनिदादीच्या वहीत चढलेली नावं दुसऱ्यांची.
त्यात माझा पणजा आहे, वळणदार अक्षरात.

बांधाखाली एक माणूस पुरलाय म्हणतात.
बांध टिकेना, तेव्हा दिला.
स्वखुशीने गेला, म्हणतात.
तोच आता राखणदार.
दर वर्षी त्याला रोट, थोडी सूर, एक पेटती विडी.
स्वखुशीने, हे कोणी सांगितलं
ते मी कधी विचारलं नाही.
तो तर आत होता.

आता त्या रात्रीचं.
अवसेची भरती. कुर्ल्यांनी पोखरलेला बांध
मानशीच्या उजव्या अंगाला फुटला,
आधी घागरीएवढा, मग दाराएवढा.
म्हाबळूने पत्र्याचा डबा बडवला.
माणसं आली, बॅटऱ्या, पोती, पेंढा घेऊन.
हुकूम कोणाचाच नव्हता.
इतकं सुंदर मी कधी काही पाहिलं नाही, हेही सांगतो.

कडेला रुझार उभा होता, खांद्यावर पागेर.
त्याला शेत नाही, वहीत नाव नाही.
बांध फुटला की आत शेवटे येतात, कालुंद्रां येतात,
त्याची आठ दिवसांची चूल पेटते.
"म्हजें कितें वता, मास्तर?"

बरोबर प्रश्न.
पस्तीस वर्षांत एका पोराने विचारला नव्हता.
उत्तर नव्हतं माझ्याकडे,
पाणी होतं, मांड्यांपर्यंत.
मी त्याची कॉलर धरली. ओढला.
पाटला त्याच्या डोक्यावर ठेवला.
तो गेला. पुन्हा आला. पुन्हा गेला.
पहाटे ओहोटी लागली, बांध उभा होता.
चहापाव आला तोवर रुझार निघून गेलेला.
"मास्तर होते म्हणून," लोक म्हणाले.
भात वाचलं. माझंही वाचलं.

घरी हात धुताना मूठ उघडली, तर बटण.
चार भोकांचं, एका भोकात दोरा.

हे कोणत्या मताखाली लिहू?
करार म्हणावा, तर तो हो म्हणाला नव्हता.
बळ म्हणावं, तर माझे हात पासष्टीचे,
तो जाळी ओढणारा. एका हिसक्यात सुटला असता.
सुटला नाही.
त्यामुळेच झोप येत नाही.

दोनदा गेलो बटण द्यायला.
एकदा तो नदीवर होता.
दुसऱ्यांदा बायको दारात आली, "ना तो," म्हणाली,
आणि मागे, आत, कोणीतरी जाळं झटकत होतं.

यंदा रोट ठेवायला मीच गेलो बांधावर.
विडी पेटवली. खिशात बटण.
वाटलं, ठेवावं इथेच, पानावर, सुटावं.
मग म्हटलं, हे त्याचं नाही.
त्यालाच विचारलं, हळू, म्हाबळूला ऐकू जाऊ नये असं:
तुला कुठे धरलं होतं रे?
दंडाला? केसांना?

वारा खाडीकडून होता.
विडी विझली. दुसरी पेटवली.