ताकाला जाऊन

सव्वीस वर्षं मी या खिडकीशी अर्ज घेते.
भाषा आणि वाङ्मय विभाग, दुसरा मजला, विनिपेग.
बाहेर उणे एकतीस.
आत हीटर, माझा थर्मास,
आणि पैशांचं बोलायला लाजणारी पोरं.

एका क्रियापदावर चार-चार तास भांडतील,
पण भाड्याचं नाव काढलं
की बुटावरचा बर्फ बघत बसतात.
मी म्हणते, बाई गं, ताकाला आलीस ना?
मग भांडं कशाला लपवतेस? काढ वर.

रोवेना मॅग्बानुआ भांडं काढते.
वर्गातल्या वह्या तपासायचे मिळतात
ते एप्रिलपर्यंत पुरतात.
मे ते ऑगस्ट,
विद्यापीठाच्या लेखी, विद्यार्थ्याला पोट नसतं.
मोठी शिष्यवृत्ती दोनदा हुकली :
प्रस्ताव उत्तम, उपयुक्तता अस्पष्ट.
आई वृद्धाश्रमात रात्रपाळी करते.
तिला अजून कळलेलं नाही
की इलोंगो बोलणाऱ्या घरातली पोर
आइसलँडहून आलेल्यांची जुनी पत्रं का वाचत बसते.
मलाही नाही कळलेलं.
पण ते विचारायला माझ्याकडे रकाना नाही.

मी खालचा खण ओढते. अडकतो, लाथ मारावी लागते.
थोरलाकुर निधी.
सरोवरावरचा मासेमार, बर्फाला भोकं पाडून
जाळी सोडायचा. शाळा तिसरीपर्यंत.
मागे ठेवलं त्याचं व्याज
वर्षाला सहाशे दहा डॉलर,
म्हणजे एका महिन्याचं भाडंही नाही.
अट एकच, त्याच्याच हातची :
'ज्याला पैसे मिळतील त्यानं माझ्या बहिणीला
महिन्याला एक पत्र लिहावं, आमच्या भाषेत.
चुका चालतील.
हवेपाण्याचं लिहिलं तरी चालेल.
तिच्याशी बोलायला आता कोणी उरलेलं नाही.'

बहीण जाऊन अकरा वर्षं झाली.
अट कुणी खोडली नाही.
खोडायला समिती लागते, समितीला कोरम.
म्हणून पत्रं येतात अजून.
मी तारखेचा शिक्का मारते, फायलीत लावते.
त्यातलं मला एक अक्षर कळत नाही;
फक्त 'स्न्योर' म्हणजे बर्फ,
एवढं आता ओळखीचं झालंय.
फार वेळा येतो तो.

रोवेना अट वाचते. पुन्हा वाचते.
उत्तर येतं का?
नाही, मी म्हणते. पैसे येतात. मार्चमध्ये, एकरकमी.
ती हसते. पेन मागते.

मोठ्या अर्जात एक प्रश्न होता,
हे संशोधन कोणासाठी,
तीन पानं लिहूनही तिला तो सुटला नव्हता.
इथे एका ओळीत भरून टाकते :
इंगिब्योर्ग, खोली चौदा.

मी शिक्का मारते.
मग मे महिन्याचं बघायला
ग्रंथालयातल्या मार्लीनला फोन लावते.
रात्रीची जागा आहे म्हणे, पुस्तकं फळीवर लावायची,
तासाला साडेसोळा.
भांडं वरच ठेव, मी रोवेनाला खुणेनं सांगते,
थांब, अजून ती बोलतेय.