बंद करण्याचा हक्क

जिनिंगच्या काटाघरात एकच लोखंडी डब्बा,
त्याच्या पोटात तीन मशिनी, हात लावता न येणाऱ्या.
एक वजनकाट्याची, एक हिशेबाची,
एक नुसती कॅमेऱ्यांतून फाटकाकडे पाहत बसणारी.
शालिक कोडापे, रातपाळीचा चौकीदार, विचारतो,
"तिघी एकाच डब्ब्यात? भांडत नाही का हो?"
भांडतात. मेमरीवरून.

आर्णी फीडरची लाइन दोननंतर कधीही जाते.
यूपीएसची बॅटरी अकरा मिनिटं.
पूर्वी सोळा होती.
मी बारा किलोमीटरवर, झोपेत.

म्हणून त्याचं नाव गटात घालायला बसलो.
पगारपत्रकात तो शालिकराम,
आधारवर सालीक,
लिनक्स म्हणालं, असा कोणी वापरकर्ता नाही.
"माह्यासंगं बँकही असंच करते,"
आणि तो तंबाखू मळत राहिला.

तिसऱ्यांदा घेतलं.
रूटचा पासवर्ड नाही दिला, तो शेठजींनाही दिलेला नाही.
नियमाच्या चार ओळी लिहिल्या:
या माणसाला विझवता येईल.
पेटवता येणार नाही,
पुसता तर नाहीच.

समजावलं, आधी म्हणायचं, बंद हो.
ही विनंती. मशीन आवराआवर करते, मग डोळे मिटते.
ऐकलंच नाही तर दुसरा हुकूम आहे,
त्याचं नाव नाश,
पण नाश काही होत नाही,
खटकन वायर उपटल्यासारखं, एवढंच.
"नाव मात्र लयच भारी ठेवलं," शालिक म्हणाला.

मंगळवारी सकाळी रजिस्टर उघडलं.
निळ्या पेनाचं, उजवीकडे उतरत गेलेलं अक्षर:
"लाइन गेली २.१०. कॅमेरा बंद २.१२. हिशेब २.१३.
काटा ऐके ना. मोहद्याची गाडी वर उभी,
पावती अर्धी. उपटला नाही.
थांबलो.
पावती निघाली. २.१९ले आपसूक निजला."

बॅटरीत दोन मिनिटं उरली असतील.

संध्याकाळी त्यानं विचारलं,
"अन् लाइन आली तं? सुरू करायचा हक्क मले नाही?"
डब्बा उठला की त्या आपोआप उठतात, मी म्हटलं,
तसं लिहून ठेवलंय.
"मंग ठीक हाय.
मले तं सारे बंद करायलेच बोलावते.
फाटक, मोटर,
गावात कोणी गेलं तं त्याचे डोळे."

तो टॉर्च घेऊन फेरीला निघाला.
मी कीबोर्डमधली रुई
फुंकत बसलो.