नाव घातलेली भांडी

बंब रे रोडच्या पुलाशीच अडला.
तिथून पुढं दारूखान्यात
पाइप खांद्यावर घेऊन माणसं धावली,
तोवर आग आमच्या ओळीतून
शेवटच्या खोलीपर्यंत जाऊन आली होती.

पंचनाम्याला आलेला मुलगा
माझ्या लेकापेक्षा लहान.
शाळेच्या बुटक्या बाकावर गुडघे मुडपून
विचारत होता,
मावशी, भांडी किती? अंदाजे?
अंदाजे कशी सांगू.
सहा ताटं, एक चेपलेलं.
नणंदेचा डबा, झाकण दुसऱ्याच डब्याचं.
हळदीकुंकवाच्या वाट्या अकरा,
बारावी कुणाकडं तरी राहिली.
परात लिहू नका, म्हटलं,
ती आगीत नाही गेली,
ती शेवंता पागधरेकडं आहे, तीन वर्षं.
तो जरासा हसला. लिहिलं नाही त्यानं.

पितळेची, पाच किलो पीठ मावेल एवढी.
दिराच्या साखरपुड्याला म्हणून नेली होती तिनं.
ती म्हणायची, दिली.
मी म्हणायचे, कधी? कुणाच्या हातात?
नळावर तिचा हंडा पुढं दिसला
की मी माझा रिकामा घेऊन परत यायचे.
आणि गल्लीत ज्याला त्याला,
माणसं कशी असतात बघा.

राख गार व्हायला पाच दिवस लागले.
वरून गार, बोट खुपसलं की चटका.
जर्मलची पातेली
जमिनीला चिकटून बसलेली, उतू गेल्या दुधासारखी.
स्टील मात्र राहतं.
निळं पडतं, जांभळं,
बंदरातल्या तेलकट पाण्यासारखं,
पण राहतं.
भिंतीच नाहीत म्हटल्यावर
कुणाचं काय कुठं घरंगळलेलं.
सगळ्या उकिडव्या बसून
काथ्यानं घासत होतो, नावं वाचत होतो,
ठिपक्याठिपक्यांची.
गजरा हिस आत्याकडून.
कै. विठाबाई यांच्या स्मरणार्थ.
हे तुझं गं. हा तांब्या तुझा.
गोदाक्काला वाचता येत नाही,
ती अंगठा फिरवून ओळखायची आपलं नाव.
भंगारवाला काटा घेऊन उभाच.
त्याला नावाचं काय,
नावासकट वजन.

माझा माळा कोसळला होता तिथं
गोधड्यांच्या काळ्या खपल्यांखाली
काहीतरी मोठं, पालथं.
उलटायच्या आधीच मला कळलं होतं.
तरी घासत राहिले,
दुसरं कुणाचं निघेल म्हणून.
चि. सौ. कां. रत्नप्रभा हिस
मामाकडून
आणि खाली लग्नाची तारीख.

म्हणजे दिली होती तिनं.
म्हणजे मीच कधीतरी माळ्यावर ढकलून
वर गोधड्या रचल्या
आणि खाली उतरून भांडायला गेले.

परातीवर नाव माझंच, पहिल्यापासून.
नावं ठेवली ती तिला.

तेव्हा रडले.
ब्लँकेटं वाटणाऱ्यांसमोर नव्हते रडले,
पत्रे काढणाऱ्यांसमोर नव्हते.
बायका जवळ आल्या, पाठीवरून हात फिरवला,
म्हणाल्या, होईल गं घर.
मी नाही सांगितलं कुणाला.

शाळेत चौथी ब च्या वर्गात
फळ्याखाली शेवंताचं अंथरूण.
परात पदराखाली झाकून नेली,
चोरानं न्यावी तशी.
पुढ्यात ठेवली.
येताना जिन्यावर जुळवलेलं सगळं
जिन्यावरच राहिलं.

तिनं बघितली. नखानं खरवडली.
काळी पडलीय, म्हणाली, चिंच लाव.
मी हो म्हटलं.

बाहेर कुणीतरी पाव वाटत होतं,
तिची नात रांगेत उभी होती, आमची दोघींची थाळी घेऊन.
बऱ्याच वेळानं,
माझ्याकडं न बघता,
शेवंता म्हणाली,

मी चिंचेनं घासूनच दिली होती.